एका सेल्फला

स्वस्त होती म्हणून घेतली, हे आधीच सांगून टाकतो. लोक आता गाडी बघतात, फोटो काढतात आणि विचारतात की तुम्हाला तेव्हापासून आवड होती का, आणि मला खोटं बोलवत नाही. मार्च १९८० मध्ये मी डेट्रॉइटला वेन स्टेट युनिव्हर्सिटीत एमएस करत होतो, थंडीत बसची वाट बघून कंटाळलो होतो, आणि नोटीस बोर्डावर एक चिठ्ठी दिसली, १९६८ ची पॉन्टियाक जीटीओ, ७०० डॉलर. त्याच बोर्डावर एक १९७४ ची छोटी जपानी गाडी १६०० ला होती. मला सांगलीहून येऊन सात महिने झाले होते आणि हे गणितच समजेना. एवढंसं इंजिन असलेली गाडी दुप्पट किमतीला, आणि जिच्या इंजिनात आपल्याकडच्या सहा फियाटची इंजिनं मावतील ती निम्म्याहून कमी किमतीत? सहा म्हणजे खरंच सहा, मी हिशोब केला होता, फियाट १०८९ सीसी आणि ही ४०० क्युबिक इंच, म्हणजे साडेसहा लिटरच्या थोडी वर.

कारण साधं होतं, पेट्रोल. १९७३ च्या तेलबंदीने अशा गाड्यांचं कंबरडं मोडलंच होतं, त्याच्या आधी विमा कंपन्यांनी तरुण पोरांना परवडणार नाहीत असे हप्ते लावले होते, प्रदूषणाचे कायदे आले होते, आणि मग १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली आणि १९८० मध्ये गॅलनचा भाव डॉलरच्या वर गेला. डेट्रॉइटमध्ये तर तेव्हा सगळीकडे चिंताच होती, क्रायस्लरला सरकारने कर्जाची हमी देऊन वाचवलं ते त्याच जानेवारीत. अशा वेळी गॅलनला दहा-बारा मैल देणारी बारा वर्षं जुनी गाडी कोण घेणार? आमच्यासारखे. पाच जण मिळून पेट्रोल भरणारे, आणि दुरुस्तीपेक्षा खरेदीच्या किमतीला घाबरणारे.

हिरवी होती. व्हर्डोरो ग्रीन म्हणतात तो रंग, हे मला खूप उशिरा कळलं, तेव्हा मी पत्रात घरी लिहिलं होतं की आपल्या विहिरीतल्या शेवाळासारखा हिरवा. पुढच्या बाजूला क्रोमचा बंपर नाही, पूर्ण नाकच गाडीच्या रंगाचं, हलकी टक्कर लागली तर दबून परत जागेवर येणाऱ्या मटेरियलचं, आणि हेडलाइट जाळीमागे लपलेले, लाइट लावले की झाकणं उघडायची. एक झाकण थंडीत उघडायचं नाही मग कोणीतरी उतरून हाताने उघडायचं. अमेरिकन पोरं या गाडीला गोट म्हणायची, तर आम्ही सरळ बोकड म्हणायला लागलो. "बोकड काढ रे" म्हणजे चला, इंडियन दुकानात जायचंय.

मी गाडी शिकलो ती याच गाडीवर. सांगलीत कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, आणि हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं कारण माझे वडील मेस्त्री होते.

अण्णा खणभागातल्या एका गॅरेजात मुख्य मेस्त्री होते. फियाट, अॅम्बेसेडर, साखर कारखान्यांच्या जीपा, सगळं पेट्रोलचं काम त्यांच्याकडे. सातवीपर्यंत शिकलेले. पण इंजिनाला लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून दांडा कानाशी धरायचे आणि सांगायचे की आवाज टॅपेटचा आहे की बेअरिंगचा, आणि इंजिन उघडलं की तसंच निघायचं. कामाच्या तंद्रीत असले की एक-तीन-चार-दोन, एक-तीन-चार-दोन असं पुटपुटायचे, ती फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, फियाटचीही तीच आणि अॅम्बेसेडरचीही तीच, मी लहानपणी ते पाढ्यासारखं ऐकलंय. काम झालं की ट्रायल मारायला आयर्विन पुलापर्यंत जाऊन यायचे. मला मात्र त्यांनी गॅरेजच्या दारातसुद्धा उभं राहू दिलं नाही. "हाताला ऑइल लागलं की निघत नाही" एवढंच म्हणायचे, आणि त्यांच्या बोटांकडे बघितलं की ते खरं वाटायचं, दिवाळीच्या पहाटे उटणं लावूनसुद्धा नखांच्या कडा काळ्याच. मी वालचंद कॉलेजला मेकॅनिकलला गेलो, तिथे थर्मोडायनॅमिक्स शिकलो, आयसी इंजिनचा पेपर डिस्टिंक्शनने काढला, आणि तोवर एकही प्लग स्वतःच्या हाताने काढला नव्हता.

तर मी घरी कळवलं की गाडी घेतली. महिन्याभराने अण्णांचं उत्तर आलं, निळं एरोग्राम. त्याआधी पत्रं आई सांगायची आणि बहीण लिहायची, अण्णा खाली फक्त सही करायचे. हे पहिलं पत्र त्यांनी स्वतः लिहिलेलं, उभट मोठ्या अक्षरात, कागद पुरला नाही म्हणून कडेने आडवं वळवून लिहिलेलं. चि. बाळास अनेक आशीर्वाद, इकडील सर्व क्षेम, आणि पुढे सगळे प्रश्नच. आठ सिलिंडर म्हणतोस तर दोन बाजूस चार-चार असणार, मग फायरिंग ऑर्डर कशी आहे ते बघून लिही. टॅपेट किती थाऊला ठेवतात, गरम इंजिनवर की थंड? पॉइंटचा गॅप किती? कार्बोरेटरला एकूण जेट किती? ऑइल किती खाते? आणि शेवटी, तिकडे फार थंडी असते असे ऐकतो, तर सकाळी एका सेल्फला घेते का? त्याच्या खाली, पेडल सारखे मारू नये, प्लग ओले होतात, एकदाच दाबून सोडावे. पत्राचे उत्तर लवकर लिहावे.

मी उत्तर लिहिलं. गाडी बरी चालली आहे, काळजी नसावी.

अशी चार पत्रं आली दोन-अडीच वर्षांत. प्रत्येकात तेच प्रश्न थोडे बदलून, एक-दोन नवे. आणि प्रत्येक वेळी मी तेच लिहिलं, गाडी बरी आहे. तेव्हा परीक्षा होत्या, प्रोफेसरांचं काम होतं, आणि खरं कारण असं की मला उत्तरं माहीत नव्हती. बॉनेट उघडून बघावं लागलं असतं, कोणाला तरी विचारावं लागलं असतं. मला वाटायचं अण्णांना काय कळणार आहे ही उत्तरं ऐकून, सांगलीत कुठे असलं इंजिन येणार आहे? आज हे लिहितानाही हात थांबतो.

त्या गाडीने आम्हाला फार सांभाळलं पण. गणपतीला शिकागोला गेलो होतो, साधारण २८० मैल, पाच जण, मागच्या सीटवर मधल्याच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा, जाताना प्रत्येकी सहा डॉलर पेट्रोल. तिकडे महाराष्ट्र मंडळ होतं, मराठी बोलणारी माणसं होती, लहान मुलं होती, आरतीच्या वेळी आमच्यातला एक जण रडला. परत येताना रात्री रस्ता रिकामा होता आणि मी एकदाच, एकदाच पाय पूर्ण दाबला. त्या कार्बोरेटरला चार तोंडं असतात, पुढची दोन बारीक आणि मागची दोन मोठी, हलक्या पायाने चालवलं तर गाडी फक्त पुढच्या दोनवर चालते. मागची उघडतात तेव्हा बॉनेटखालून एक घुमणारा आवाज येतो, शंखासारखा खोल, आणि पाठ सीटमध्ये रुतते. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटलं काहीतरी तुटलं, मी पाय काढला. झोपलेले चौघं जागे झाले आणि कोणी काही बोललं नाही, मग कोल्हापूरचा होता तो म्हणाला, परत कर.

थंडीत मात्र हाल. जानेवारीत सकाळी आठच्या लेक्चरला निघायचं म्हणून सात वाजता खाली जायचो, पेडल पाच-सहा वेळा मारायचो, सेल्फ मारायचो, परत पेडल, परत सेल्फ, पेट्रोलचा वास सुटायचा आणि बॅटरी बसायची. अण्णांनी काय लिहिलं होतं? एकदाच दाबून सोडावे. ते पत्र वर खोलीत टेबलाच्या खणात होतं.

१९८२ मध्ये नोकरी लागली, ८३ मध्ये गाडी विकली. मिशिगनमध्ये बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठाने डिकीचा पत्रा सडून खालचा रस्ता दिसायला लागला होता. ३०० डॉलरला दिली एका पोराला, आणि लहान, नवी, हीटर नीट चालणारी गाडी घेतली. वाईट वगैरे अजिबात वाटलं नाही. ८४ ला लग्नासाठी सांगलीला गेलो तेव्हा अण्णांनी पहिल्याच रात्री विचारलं, ती आठ सिलिंडरची गाडी कशी आहे? म्हटलं विकली. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले बरं केलंस, पेट्रोल फार खात असणार. त्यानंतर गाडीचा विषय आमच्यात कधी निघाला नाही. १९९१ मध्ये अण्णा गेले. अमेरिकेला ते कधी आले नाहीत, आईचा गुडघा, मग त्यांचा दमा, राहून गेलं.

माझी सगळी नोकरी इंजिनाच्या कंट्रोल युनिटवर गेली. किती पेट्रोल कधी सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, धुरातली घाण कशी कमी करायची, हे सगळं स्क्रीनवर, आकड्यांच्या तक्त्यांत. पस्तीस वर्षं इंजिनांवरच काम केलं आणि हात स्वच्छ राहिले. अण्णांची इच्छा होती तसंच झालं, आणि त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे.

२०१८ मध्ये रिटायर झालो, मोठं घर विकून लहान घरात आलो, आणि सामान आवरताना बायकोला ती चार पत्रं सापडली. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून मोठ्याने वाचायला लागली. तिने ती गाडी कधी पाहिलेली नव्हती. टॅपेट, थाऊ, हे शब्द तिला अडत होते, मी सांगत होतो, टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग, त्याला ठरावीक फट ठेवतात, आणि थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. चौथं पत्र वाचून झालं आणि तिने विचारलं, "अहो, मग काय उत्तर दिलंत तुम्ही?" 

मला सांगता येईना.

त्यानंतर मी गाडी शोधायला लागलो. हे असंच घडलं, तरुणपण परत पाहिजे होतं वगैरे काही नाही, तरुणपणी मी त्या गाडीत बसून परीक्षेची आणि व्हिसाची चिंता करायचो. मला ते इंजिन पाहिजे होतं. तेच, दुसरं नाही.

पण १९८० ची स्वस्ताई आता राहिलेली नाही. या गाडीला लोक आता फार मान देतात आणि त्याला कारणही आहे. १९६४ च्या मॉडेलसाठी पॉन्टियाकमध्ये जॉन डिलोरियन आणि त्याच्या सोबतच्या इंजिनिअरांनी मोठ्या गाडीचं ३८९ क्युबिक इंचाचं इंजिन मधल्या आकाराच्या टेम्पेस्टमध्ये बसवलं. जनरल मोटर्सचा नियम होता की त्या आकाराच्या गाडीत ३३० च्या वरचं इंजिन घालायचं नाही. मग त्यांनी नवीन मॉडेल म्हणून आणलंच नाही, टेम्पेस्टवरचं जास्तीचं ऑप्शन म्हणून विकलं, नाव घेतलं फेरारीच्या एका रेसच्या गाडीवरून, आणि पाच हजार खपतील असं धरलं होतं तिथे पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर गेल्या. तिथून मसल कार, म्हणजे मधल्या आकाराच्या गाडीत मोठं ताकदवान इंजिन, हा प्रकार पुढे आला असं बहुतेक जण मानतात. मला तरी ते पटतं. इंजिनिअर लोकांनी नियमाची फट शोधून काहीतरी जिवंत बाहेर काढलं, याचा मला आजही आनंद होतो.

आता महाग झाल्यामुळे खोट्याही झाल्यात. पॉन्टियाकच्याच साध्या लेमान्स गाडीवर जीटीओचं नाक, जीटीओची अक्षरं लावून विकतात. दोन तास गाडी हाकत एका ठिकाणी गेलो होतो, रंग तोच, विकणारा गोड बोलणारा, आणि मी खूप भारावून गेलो, चेकबुक काढणार एवढंच बाकी होतं. मग काचेतून डॅशवरचा नंबर वाचला. १९६८ पासूनच्या या गाड्यांत हा नंबर बाहेरून दिसेल असा लावलेला असतो. पहिले तीन आकडे २४२ असतील तर जीटीओ, हिचे २३७ होते. म्हणजे लेमान्स. मी काही न बोलता निघून आलो. एवढं वाईट मला पहिली गाडी विकतानाही वाटलं नव्हतं.

खरी गाडी मिळाली ती पॉन्टियाक गावातच, ऑक्टोबर २०१९. पॉन्टियाक हे आधी गावाचं नाव, ओडावा जमातीच्या एका सरदारावरून पडलेलं, आणि गाडीचा ब्रँड २०१० मध्ये बंद झाला तरी गाव आहे तिथेच आहे. नंबर २४२३७८पी ने सुरू होणारा, म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, ६८ ची, आणि पी म्हणजे त्याच गावच्या कारखान्यात बनलेली. मालक ७७ वर्षांचे कृष्णवर्णीय गृहस्थ, त्यांचे वडील कामासाठी अलाबामातून इकडे आलेले, बाप-लेक दोघंही पॉन्टियाकच्या कारखान्यात, हे स्वतः तीसच्या वर वर्षं इंजिनांवर. त्यांच्याकडे पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मागवलेली मूळ बिलाची प्रत होती, रंग, इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, सगळं त्यात. रंग निळा. मी हिरवा हिरवा करत फिरत होतो आणि ही निळी निघाली, आणि मला काहीच वाटलं नाही.

२८ हजार डॉलर ठरले. पैसे मोजायच्या आधी त्यांनी विचारलं, काम कोण करणार हिचं? म्हटलं मी. आधी केलंय का? म्हटलं नाही. पस्तीस वर्षं इंजिनांचा इंजिनिअर आहे हे मी सांगितलं नाही, त्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतंच. ते म्हणाले, मग शनिवारी सकाळी नऊला ये, आणि जुने कपडे घालून ये.

मी मनात त्यांना मेस्त्रीच म्हणायला लागलो. पुढचे चार-पाच महिने शनिवार म्हणजे मेस्त्रींकडे. तिसऱ्या का चौथ्या शनिवारी मी अण्णांची पत्रं खिशात घेऊन गेलो. कॉफी पिताना सांगितलं की माझ्या वडिलांचे काही प्रश्न आहेत या इंजिनाबद्दल. त्यांनी विचारलं, वडील काय करायचे? सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, विचार.

मी पत्र बघून मराठीचं इंग्लिश करत एकेक विचारत गेलो. फायरिंग ऑर्डर? ते डोळे मिटून म्हणाले, एक-आठ-चार-तीन-सहा-पाच-सात-दोन. त्याच लयीत. भाषा वेगळी, आकडे वेगळे, पण ते म्हणण्याची पद्धत तीच, अर्धं तोंडातल्या तोंडात, आणि मला क्षणभर खणभागातल्या त्या गॅरेजचा ग्रीस आणि केरोसिनचा वास आला. टॅपेट किती थाऊ? ते हसले. म्हणाले, वडिलांना सांग शून्य. या इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, ऑइलच्या दाबाने आपोआप जागा भरतात, नट ठरलेल्या ताकदीने आवळला की संपलं, फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, लावायचा प्रश्नच नाही. अण्णांना हे ऐकून काय वाटलं असतं! ज्या माणसाचं अर्धं आयुष्य टॅपेट सेट करण्यात गेलं त्याला कोणीतरी सांगतंय की असंही इंजिन असतं जे स्वतःचं टॅपेट स्वतः सांभाळतं. मला खात्री आहे त्यांनी गॅरेजात सगळ्यांना बोलावून सांगितलं असतं.

पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघड-मीट होणारे संपर्क, त्यांचा गॅप? सोळा थाऊ, पण गेजने नाही करायचं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला एक छोटी खिडकी असते, इंजिन चालू ठेवून तिच्यातून अॅलन की घालून फिरवायची आणि मीटरवर ३० अंश ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहतात तो कोन, आणायचा. चालत्या इंजिनावर पॉइंट सेट करायचा, म्हणजे किती सुंदर डोकं लावलंय ते बघा. त्यांनी मला करायला लावलं, माझा हात थरथरत होता, आणि काटा तिसावर आला तसं इंजिनचं गुरगुरणं एकदम एकसारखं झालं. मी आयुष्यभर हेच काम आकडे टाइप करून केलं होतं. ठिणगी कधी पडते ते मला माहीत होतं, पण ती बदलली की आवाज कसा बदलतो ते बोटांना पहिल्यांदाच कळलं.

मार्च २०२० मध्ये गाडी माझ्या गॅरेजात आली आणि दोन आठवड्यांत सगळं बंद झालं. कोविड. मेस्त्रींचं वय बघता भेटणं शक्यच नव्हतं. एप्रिलमध्ये इंजिन आयडलिंगला डगमगायला लागलं, वर-खाली, वर-खाली. मी फोन केला, बायकोने फोन स्पीकरवर टाकून इंजिनजवळ धरला. पलीकडून आवाज आला, फोन हळूहळू ड्रायव्हरच्या बाजूला ने. मागे. आणखी मागे. थांब. काहीतरी हवा ओढतंय, एक रबरी नळी घे, एक टोक कानाला लाव. मी नळी शोधायला वळलो आणि बायको म्हणाली, "स्क्रू ड्रायव्हर लावतात ना कानाला? तुम्हीच सांगितलं होतं, अण्णा लावायचे." मी तिला समजावलं, स्क्रू ड्रायव्हर आतल्या खडखडीसाठी, हवेच्या शिट्टीला नळीच लागते, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हा फरक मला आता माहीत आहे. ब्रेक बूस्टरकडे जाणारा पाइप चिरलेला निघाला. वय झालेलं रबर, शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून मी मग पेट्रोलच्याही सगळ्या नळ्या बदलून टाकल्या. ऑइलसुद्धा झिंक जास्त असलेलं बघून घ्यावं लागतं, नाहीतर कॅमशाफ्ट झिजतो. कॉम्प्रेशन पावणेअकराला एक, त्यामुळे पंपावरचं सगळ्यात महागडं पेट्रोल. हे सगळं मी कुरकुर म्हणून नाही सांगत. मला हे करायला आवडतं. रविवारी सकाळी चहा घेऊन गॅरेजात जातो आणि जेवायला हाका माराव्या लागतात.

एका गोष्टीवर मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. ही गाडी घाण करते. मागे उभं राहिलं की न जळलेल्या पेट्रोलचा वास येतो, आणि हाच वास नाहीसा करण्यात मी पस्तीस वर्षं घालवली आणि ते काम योग्य होतं असंच मी मानतो. ज्यांना वाटतं की जुनं तेच चांगलं होतं त्यांनी १९७० च्या आसपासची मोठ्या शहरांची हवा आठवावी. मी वर्षाला हजार मैलांच्या आत चालवतो. भाजी आणायला, फिरायला रोजची गाडी वेगळी आहे, बॅटरीवरची.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये वुडवर्डवर नेली. वुडवर्ड अॅव्हेन्यू म्हणजे डेट्रॉइटपासून थेट पॉन्टियाकपर्यंत जाणारा रस्ता, साठच्या दशकात रात्री या रस्त्यावर पोरं रेस लावायची आणि कंपन्यांचे इंजिनिअरही आपल्या गाड्या घेऊन यायचे. १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरते, २०२० ची रद्द झाली होती म्हणून ८० वर्षांच्या उंबरठ्यावरचे मेस्त्री फार उत्सुक होते. ते शेजारी बसले, मी चालवली, मुलगी मागे. रॉयल ओकजवळ थांबलो तर एक लहान मुलगा बापाला विचारत होता, इतका आवाज का करते? बाप सांगत होता, मेस्त्री त्याचं ऐकत बसले होते, आणि मग न राहवून उतरले आणि बॉनेट उघडून त्याला सगळं दाखवायला लागले. तासभर.

आता राहिला होता शेवटचा प्रश्न.

थंडीत मी गाडी काढत नाही, मीठ असतं रस्त्यावर. नोव्हेंबर ते एप्रिल ती गॅरेजात झाकलेली. पण अण्णांनी विचारलं होतं थंडीचं. तेव्हा २०२२ च्या जानेवारीत मी मेस्त्रींना फोन केला की चालू करून बघायचीय. ते म्हणाले कशाला, पाच मिनिटं चालू करून बंद केलीस तर सायलेन्सरमध्ये पाणी धरतं आणि आतून सडतो. मी कारण सांगितलं. मग म्हणाले, ठीक, पण पूर्ण गरम होईपर्यंत बंद करू नकोस. आणि पहिला दिवस धरायचा नाही, इतके आठवडे उभी आहे, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असणार. पहिल्या दिवशी चालू करून ठेव, खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी.

पहिल्या दिवशी खरंच चार सेल्फ लागले. अर्धा तास चालवत ठेवली. त्या रात्री मी गॅरेजचं दार मुद्दाम उघडं ठेवलं, थंडी पूर्ण आत येऊ दे म्हणून. सकाळी सातला, तेव्हा लेक्चरला निघायचो त्याच वेळेला, स्वेटर, जाड कोट, कानटोपी घालून बाहेर आलो. उणे १२. बायको दारात शाल गुंडाळून उभी, एरोग्राम तिच्या हातात होतं. सीट दगडासारखी कडक. पेडल एकदाच पूर्ण खाली दाबलं आणि सोडलं, त्याने चोकची झडप मिटते. किल्ली फिरवली.

घेते, अण्णा. एका सेल्फला घेते.